घोटा पुन्हा पुन्हा का मुरगळतो? हाडवैद्याच्या अंगठ्यापासून डुगडुगत्या फळीपर्यंत

कानात इअरफोन घालून चालता चालता ऐकत असाल, तर आधी एक विनंती. समोर बघून चाला. आजचा विषय घोट्याचा आहे, आणि एपिसोड ऐकताना कुणाचा पाय मुरगळला असं व्हायला नको. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी ही नेहमीप्रमाणे लिखित प्रत.

पाय एकदा मुरगळणं यात विशेष काही नाही. कबड्डी खेळताना, लोकलमधून उतरताना, गड उतरताना शेवटच्या टप्प्यात. घोटा टम्म सुजतो, घरात आंबेहळदीचा लेप लागतो, वर क्रेप बँडेज, आठवडाभर लंगडणं, आणि विषय संपतो. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. दोन महिन्यांनी तोच पाय, तीच बाहेरची बाजू, पुन्हा 'कट्'. मग सहा महिन्यांनी परत, आणि या वेळी तर सपाट फुटपाथवर. हळूहळू माणूस म्हणायला लागतो, "माझा घोटाच वीक आहे रे." आणि खेळ सुटतो, ट्रेक सुटतात.

हे किती जणांचं होतं? डब्लिनमधल्या संशोधकांनी पहिल्यांदाच घोटा मुरगळलेल्या लोकांवर वर्षभर लक्ष ठेवलं. २०१६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: वर्ष झाल्यावरही सुमारे ४० टक्के लोकांचा घोटा त्रास देतच होता. पुन्हा मुरगळणं, मध्येच पाय दगा देणं, पायावर भरवसा न वाटणं. डॉक्टरी भाषेत याला 'क्रॉनिक अँकल इन्स्टॅबिलिटी' म्हणतात.

मग प्रश्न असा की हे का होतं? या एका प्रश्नाला माणसानं आतापर्यंत तीन मोठी उत्तरं दिली. पहिलं: हाड जागचं हललंय. दुसरं: आतली दोरी सैल झालीय. तिसरं: घोट्याची जाण हरवलीय. प्रत्येक उत्तरातून वेगळा उपचार निघाला, आणि आज फिजिओथेरपिस्ट तुमच्या पायाला हात लावतो तेव्हा या तिन्ही उत्तरांचा इतिहास त्याच्या हातात असतो. तोच आज ऐकू.

आधी घोट्याच्या आत एक मिनिट

नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, म्हणजे फिब्युला. या दोघांची खालची टोकं मिळून चिमट्यासारखा आकार होतो. त्या चिमट्यात एक हाड बसतं, त्याचं नाव टेलस. या टेलसची गंमत अशी की त्याला एकही स्नायू थेट चिकटलेला नाही. त्याला धरून ठेवतात ती आजूबाजूची हाडं आणि लिगामेंट्स, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्या.

दुसरी गोष्ट. टेलस पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असतो. पाऊल वर, नडगीकडे वळलं की रुंद भाग चिमट्यात घट्ट बसतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग आत येतो आणि सांधा जरा मोकळा होतो. उडी मारून खाली येताना, पायरी चुकताना चवडा खालीच झुकलेला असतो. तेवढ्यात पाऊल आत वळलं की सगळा ताण बाहेरच्या लिगामेंट्सवर येतो, आणि फिब्युलापासून टेलसकडे पुढे जाणारी पट्टी बहुतेक वेळा सगळ्यात आधी फाटते. हे चित्र डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिलं उत्तर: हाड जागचं हललंय

हाडवैद्य आपल्याकडे गावोगाव होते, अजूनही आहेत. पण ही मंडळी फक्त आपल्याकडचीच नाहीत. इंग्लंडमध्येही 'बोनसेटर' नावाची जमात होती. पिढीजात धंदा, कॉलेजचं तोंडही न पाहिलेलं, आणि दाराशी रांग.

१७३६ च्या सुमाराला सॅरा मॅप नावाची बाई लंडनमध्ये भलतीच गाजली. एप्सम गावात ती हाडं बसवायची. तिनं गाव सोडू नये म्हणून तिला वर्षाला शंभर गिनी देऊ केल्या होत्या, असं सांगतात. विल्यम होगार्थ या चित्रकारानं त्याच वर्षी वैद्य-डॉक्टरांची टिंगल करणारं एक चित्र काढलं, त्यात वरच्या ओळीत मधोमध तिलाच बसवलं. शिकलेले डॉक्टर हसायचे, चिडायचे. पण पेशंट तिकडेच जायचे!

शेवटी १८६७ साली लंडनचे नामवंत सर्जन जेम्स पॅजेट यांनी एक व्याख्यान दिलं. विषय: बोनसेटर बरे करतात त्या केसेस. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की या लोकांकडून नुकसान होतं हे खरं, पण काही पेशंट त्यांच्या हातून बरे होतात हेही खरं. त्यात घेण्यासारखं काय आहे ते डॉक्टरांनी शिकावं.

ते शिकायला एक जण प्रत्यक्ष गेला. वॉर्टन हूड नावाचा डॉक्टर. त्याच्या वडिलांनी रिचर्ड हटन या लंडनमधल्या बोनसेटरवर आजारपणात फुकट उपचार केले होते. त्याची परतफेड म्हणून हटननं आपली विद्या दाखवायची तयारी दाखवली, आणि हूड त्याच्याकडे बसून बघू लागला. १८७१ साली त्यानं ते सगळं आधी 'लॅन्सेट'मध्ये आणि मग पुस्तकरूपानं छापलं. हटन काय करायचा? बोटांनी चाचपून दुखरी जागा शोधायची, त्यावर अंगठा दाबून धरायचा, आणि सांध्याला अचानक एक नेमका झटका द्यायचा. 'कट्' आवाज यायचा. हटन म्हणायचा, हाड बसलं.

हूडनं मात्र डोळे उघडे ठेवले होते. त्याच्या लक्षात आलं की बहुतेक वेळा हाड सरकलेलं नसतंच. दुखापतीनंतर सांधा फार दिवस बांधून ठेवल्यामुळे आतल्या पेशी एकमेकींना चिकटून तो आखडलेला असतो. झटक्यानं ती चिकट सुटते आणि माणूस चालायला लागतो. म्हणजे उपचार बऱ्याचदा उपयोगी, पण त्यामागचं कारण चुकीचं! हे वाक्य लक्षात ठेवा, कारण याच कथेत ते आणखी एकदा घडणार आहे.

जाता जाता एक धोक्याची सूचना. फ्रॅक्चर आहे की नाही हे न तपासता दिलेला झटका तेव्हाही घातक होता, आजही आहे.

विश्रांती की हालचाल?

याच काळात डॉक्टरांमध्येही भांडण पेटलं होतं. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे वेल्समधल्या बोनसेटर घराण्यातले. वडीलही बोनसेटर. पण थॉमस स्वतः शिकून डॉक्टर झाले आणि बरोबर उलट्या टोकाला गेले. दुखऱ्या सांध्याला विश्रांती द्या, सक्तीची, अखंड आणि दीर्घ, असं त्यांचं सांगणं. तिकडे पॅरिसमध्ये ल्युका-शाँपिओनिएर हे सर्जन मोडलेल्या हाडांनासुद्धा मालिश आणि लवकर हालचाल द्यावी असं म्हणत होते. त्यांचं त्यावरचं पुस्तक १८९५ चं.

पुढची कित्येक दशकं विश्रांतीचंच पारडं जड राहिलं. १९७८ साली अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी 'राइस' हे सूत्र दिलं: रेस्ट, आइस, कॉम्प्रेशन, एलिव्हेशन. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच. जगभरातल्या मैदानांवर ते पाठ झालं. आणि गंमत म्हणजे २०१४ साली खुद्द मर्किननीच लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं उलट लांबू शकतं. आज सल्ला साधारण असा असतो: पहिले दोन-तीन दिवस पायाला जपा, पण झेपेल तितका भार आणि हालचाल लवकर सुरू करा.

दुसरं उत्तर: दोरी सैल झालीय

विसाव्या शतकाच्या मध्यावर सर्जन लोकांनी दुसरं उत्तर पुढे आणलं. लिगामेंट फाटलं, नीट जुळलं नाही, सैल राहिलं, म्हणून घोटा कलंडतो. ऐकायला अगदी पटणारं. स्वीडनच्या लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात मुरगळलेल्या घोट्यांवर लेखांची मालिकाच लिहिली. १९६६ साली त्यांनी जुनी फाटलेली लिगामेंट्स पुन्हा शिवून घट्ट करायची शस्त्रक्रिया मांडली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही होतात, आणि ज्यांना व्यायामानं फरक पडत नाही त्यांना त्या उपयोगीही पडतात.

पण एक कोडं सुटत नव्हतं. काही लोकांचं लिगामेंट तपासणीत सैल निघायचं, तरी त्यांचा पाय कधी दगा द्यायचा नाही. आणि काहींचं घट्ट असायचं, तरी ते महिन्याआड कोलमडायचे. दोरी सैल हेच कारण असेल, तर असं कसं?

तिसरं उत्तर: घोट्याची जाण हरवलीय

इथे आपल्या गोष्टीचा नायक येतो. मायकेल फ्रीमन. हे पुढे कृत्रिम गुडघ्याच्या कामासाठी जगप्रसिद्ध झाले, पण १९६५ साली ते पस्तिशीच्या आतले ब्रिटिश सर्जन होते आणि मुरगळलेल्या घोट्यांच्या मागे लागले होते.

त्यांनी पेशंटना एक साधी गोष्ट करायला लावली. एका पायावर उभं राहा. आधी चांगल्या पायावर, मग मुरगळलेल्या पायावर. मुरगळलेल्या पायावर कितीतरी जण जास्त डगमगायचे, जरी दुखणं थांबलं होतं, सूज गेली होती.

फ्रीमन यांचा तर्क असा. लिगामेंट ही नुसती दोरी नाही. तिच्यात बारीक मज्जातंतू असतात आणि सांधा कुठे आहे, किती वळलाय, याची खबर ते सतत वर पाठवत असतात. या जाणिवेला 'प्रोप्रिओसेप्शन' हे नाव चार्ल्स शेरिंग्टन या शास्त्रज्ञानं १९०६ सालीच दिलं होतं. डोळे मिटूनही तुमचा हात कुठे आहे हे तुम्हाला कळतं ना, ती ही जाणीव. लिगामेंट फाटताना ते मज्जातंतूही तुटतात, खबर पोचत नाही, आणि पाय वळतोय हे स्नायूंना उशिरा कळतं. या प्रकाराला फ्रीमननी 'फंक्शनल इन्स्टॅबिलिटी' म्हटलं. दोरी घट्ट असेल, पण काम बिघडलंय.

उपाय? खाली गोलसर आधार असलेली एक लाकडी फळी. तिच्यावर एका पायानं उभं राहायचं आणि तोल सांभाळायचा. वॉबल बोर्ड, म्हणजे आपली डुगडुगती फळी. ज्या पेशंटनी हे तोलाचे व्यायाम केले, त्यांच्यात पाय दगा देण्याची तक्रार नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा खूप कमी राहिली. शस्त्रक्रिया नाही, औषध नाही. एक फळी!

आता मघाचं वाक्य आठवा. उपचार उपयोगी, पण कारण चुकीचं. १९९३ साली डेन्मार्कच्या लार्स कोनराडसेन आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांच्या घोट्यातली लिगामेंट्स इंजेक्शननं बधिर केली. फ्रीमन पूर्ण बरोबर असते, तर या लोकांचा तोल जायला हवा होता. तसं काही फारसं झालं नाही. पोटरीतले स्नायू आणि इतर ठिकाणांहून येणारी खबर बरंच काम भागवत होती. शिवाय पाय मुरगळतो तो इतक्या चटकन, की 'वळतोय, सावर' असा निरोप जाऊन स्नायू आवळेपर्यंत खेळ आटोपलेला असतो.

म्हणून आजचा विचार जरा पुढे गेलाय. पाऊल जमिनीवर टेकण्याआधीच मेंदू स्नायूंना तयार ठेवत असतो, आणि दुखापतीनंतर ही आगाऊ तयारीच बिघडते. तोलाच्या सरावानं ती पुन्हा शिकवता येते. म्हणजे फळी खरी ठरली. तिच्यामागचं स्पष्टीकरण तेवढं बदललं.

मधल्या काळात हातांचं काय झालं?

बोनसेटरचा अंगठा कुठे गेला? तो दवाखान्यात आला, शिस्त शिकून. १८९४ साली लंडनमध्ये मालिश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच ब्रिटनमधला फिजिओथेरपीचा पेशा वाढला. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओचं संकट समोर असताना, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. आपल्याकडे या पेशाची पायाभरणी तिथली.

ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी हाताच्या उपचारात मोजमाप आणलं. झटक्याऐवजी लहान लहान, तालात दिलेल्या हालचाली, त्यांच्या पायऱ्या ठरवलेल्या, आणि प्रत्येक वेळी आधी-नंतर तपासणी. हात-पायांच्या सांध्यांवरचं त्यांचं पुस्तक १९७० चं. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांनी १९८० च्या दशकात आणखी एक भर घातली: थेरपिस्टनं सांधा किंचित सरकवून धरायचा, आणि त्याच वेळी पेशंटनं स्वतः हालचाल करायची. अट एकच, दुखता कामा नये. आपल्याकडच्या फिजिओ कॉलेजांमधली मुलं आज ही दोन्ही नावं शिकतात.

घोट्यात हे हात नेमकं काय करतात? मघाचा टेलस आठवा. पाऊल वर वळवताना तो चिमट्यात थोडा मागे सरकावा लागतो. वारंवार मुरगळलेल्या घोट्यात हे सरकणं बऱ्याचदा अडतं. मग रुंद भाग घट्ट बसत नाही, आणि सांधा नेहमी अर्धवट मोकळ्या अवस्थेत राहतो. थेरपिस्ट टेलस मागे धरून, कधी नडगीला पट्टा लावून, तुम्हाला गुडघा पुढे झुकवायला सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या बिल व्हिसेंझिनो यांच्या गटानं २००६ साली वारंवार मुरगळणाऱ्या १६ जणांवर हे करून पाहिलं. पाऊल वर वळण्याची मर्यादा तिथल्या तिथे वाढली.

मग हात श्रेष्ठ की फळी? २०१३ साली अमेरिकेत ७४ जणांवर तुलना झाली. एका गटाला नुसते घरचे व्यायाम, दुसऱ्याला हातांचे उपचार आणि व्यायाम. चार आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनीही दुसरा गट वेदना आणि हालचालीत पुढे होता. पण पुन्हा मुरगळण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार इथे आहे. हात अडलेलं दार उघडून देतात. त्या दारातून चालत जायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

नेदरलँड्सची शिकवणी

चालत गेल्यावर काय मिळतं, हे डच लोकांनी मोजलं. २००४ साली छापलेल्या एका अभ्यासात ११६ व्हॉलीबॉल संघ होते. काही संघांनी वॉर्म-अपमध्ये डुगडुगती फळी घेतली. घोटे मुरगळण्याचं प्रमाण घटलं, पण फायदा झाला तो मुख्यतः आधी मुरगळलेल्यांना. म्हणजे ज्यांना गरज, त्यांनाच गुण.

मग २००९ साली ५२२ खेळाडू. सगळ्यांचा घोटा नुकताच मुरगळलेला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांवर आठ आठवड्यांचा घरी करायचा तोलाचा सराव दिला. वर्षभरात पुन्हा मुरगळलं: सराव नसलेल्यांत ३३ टक्के, सराव दिलेल्यांत २२ टक्के.

आणि आता खरी मेख. सराव मिळालेल्यांपैकी तो पूर्ण किती जणांनी केला? जेमतेम २३ टक्के! दुखणं थांबलं की माणूस व्यायाम थांबवतो. डब्लिनमध्ये असो की डोंबिवलीत.

तुमच्या मनात आलंच असेल, "यासाठी एक ॲप पाहिजे." आलं होतं. डच मंडळींनी तेच व्यायाम ॲपमध्ये घातले आणि २२० खेळाडूंवर ॲपची छापील पुस्तिकेशी तुलना केली. फरक? नाही. ॲपवाले आणि कागदवाले सारखेच निघाले. तेव्हा फोन आठवण करून देईल, पण पायावर उभं तुम्हालाच राहायचंय.

मग आज काय करायचं?

मुरगळल्यावर लगेच: चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे. हा नियम कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ साली तयार झाला आणि जगभर वापरला जातो. तिथे लेप नको, झटकाही नको.

वारंवार मुरगळत असेल तर घरी दोन गोष्टी तपासा. पहिली: भिंतीसमोर उभं राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, आणि पाऊल जरा जरा मागे घेत जा. दुखऱ्या पायाचा गुडघा दुसऱ्यापेक्षा लवकर पोचेनासा झाला, तर टेलस अडलाय अशी शंका घ्यायला जागा आहे. फिजिओच्या हातांचा उपयोग इथे. दुसरी: दोन्ही पायांवर आळीपाळीनं तीस सेकंद उभं राहा, जवळ भिंत असू द्या. दुखरा पाय जास्त डगमगला, तर तो १९६५ सालचा फ्रीमन यांचा पेशंट समजा.

पुढचा क्रम साधारण ठरलेला. आधी हालचाल मोकळी करणं. मग ताकद: चवड्यावर उठणं, रबरी पट्ट्याविरुद्ध पाऊल बाहेर ढकलणं. मग तोल: एका पायावर, नंतर उशीवर, नंतर बॉल झेलत. शेवटी उड्या, वळणं, तुमच्या खेळातल्या हालचाली. मैदानात परतताना काही महिने ब्रेस किंवा टेपचा आधार घ्यायला लाजू नका. तुमच्या पायाला नेमकं काय लागू आहे, हे मात्र फिजिओला दाखवूनच ठरवा. महागड्या फळीचीही गरज नाही. दात घासताना एका पायावर उभं राहणं हा फुकटचा सराव आहे. आठ आठवडे. दुखणं थांबल्यावरही.

तुमच्या ग्रुपमध्ये "माझा घोटाच वीक आहे" म्हणणारं कुणीतरी असेलच. त्याला किंवा तिला हा भाग पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर सांभाळून चाला!